सोपा संगणक कोणता, हे मराठीचे एक पान छापून ठरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगणक चालवणाऱ्या प्रणालींपैकी विंडोज सोपे की मॅक, आणि फुकट मिळणारे लिनक्स घरी चालेल का, यावर आपल्या वाचकपत्रांत सध्या चांगली चर्चा रंगली आहे. मात्र बहुतेक पत्रांत तुलना झाली ती पडद्यावर काय दिसते याची: स्टार्ट बटण मधे की कोपऱ्यात, चिन्हे देखणी कोणाची, संगणक सुरू व्हायला किती सेकंद लागतात. खरे तर खिडक्या, मेनू आणि माउस हे तिन्हींचे समान भांडवल आहे. 1970च्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेत ते आकाराला आले, 1984 साली मॅकिन्टॉशने लोकांपर्यंत नेले आणि विंडोज 95ने घरोघरी पोहोचवले. त्यामुळे दिसण्यावरून सोपेपणा ठरवला तर वाद संपणारच नाही. काम अडले की ते कुठे अडले आणि सुटायला किती वेळ लागला, हे मोजावे. आपल्याकडे काम अडते ते मुख्यतः मराठीपाशी, पेनड्राइव्हपाशी आणि प्रिंटरपाशी.

म्हणून एक साधी चाचणी सुचवतो. एक पान मराठी मजकूर टंकायचा, पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा. मजकुरात वऱ्हाड, दुसऱ्या, ज्ञान, शुश्रूषा, ऑक्टोबर आणि ॲड. हे शब्द हवेतच. जे यंत्र हे पान कोणाला न विचारता छापून देईल, ते तुमच्यासाठी सोपे.

पहिला अडथळा टंकलेखनाचा. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या वाटेने जाऊन मराठी भाषा जोडायची. जोडताना एक खूण हमखास चुकून राहते: मराठीला विंडोजची दर्शनी भाषा करा, अशा अर्थाची. ती काढली नाही तर सगळे मेनू मराठीत येतात आणि 'कंट्रोल पॅनल' शोधणारा माणूस गोंधळतो. मराठीच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये शिरून कीबोर्ड निवडता येतो, इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाणित कळमांडणी) किंवा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टंकायचा). हा फोनेटिक कीबोर्ड 2019च्या मे महिन्यातल्या अद्यतनापासून विंडोज 10 मध्येच आहे. तरीही लोक गुगलचे जुने इनपुट टूल्स अनोळखी संकेतस्थळांवरून उतरवून घेतात. गुगलने ते संगणकासाठी देणे केव्हाच बंद केले आहे. अशा उतरवलेल्या फाइलीबरोबर काय येईल याचा नेम नसतो, म्हणून तो मार्ग टाळावा. भाषा बदलण्यासाठी विंडोज कळ आणि स्पेस.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, एडिट, अधिकचे चिन्ह, मराठी, काम झाले. बदलण्यासाठी कंट्रोल आणि स्पेस, किंवा नव्या यंत्रांवर पृथ्वीगोलाची कळ. या एका बाबतीत मॅक सर्वांत सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवे.

लिनक्सवर दोन वाटा आहेत आणि इथेच लोक चुकतात. कीबोर्ड लेआउटच्या यादीतून मराठी घेतली तर अक्षरे उमटतात, पण त्या पद्धतीत एका कळीला एकच चिन्ह देता येते. त्यामुळे इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 5, 6, 7, 8 या कळांवर मिळणारी ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरे तिथे मिळत नाहीत आणि माणूस म्हणतो, लिनक्सचे मराठी अर्धवट आहे. दुसरी वाट 'इनपुट मेथड'ची. आयबस हे टंकलेखनाचे साहाय्यक सॉफ्टवेअर आणि त्याचे एम17एन हे पूरक पॅकेज बसवायचे, एकदा लॉग आउट करून परत यायचे (हे विसरले की काहीच बदललेले दिसत नाही), मग आयबसच्या पसंतीत मराठी इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडायचे. एवढे केले की जोडाक्षरे पूर्ण मिळतात. नवशिक्यासाठी ही वाट लांबची आहे यात शंका नाही, पण ती आयुष्यात एकदाच चालावी लागते.

आता 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. आपल्या भागाचे नाव आहे, आणि दहापैकी किती जाहिरातफलकांवर ते 'वर्हाड' असे छापलेले दिसते ते बर्डीवरून एक चक्कर मारून पाहावे. साध्या र ला हलंत देऊन ह जोडला की ह वर रफार चढतो. आपल्याला हवा तो आडवा, कोयत्यासारखा र. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी कळांच्या नावांनी सांगायचे तर क्रम असा: बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई, आणि पीच्या उजवीकडची चौकटी कंसाची कळ. म्हणजे व, ऱ, हलंत, ह, काना, ड. 'दुसऱ्या'मध्येही तसेच, फक्त ह ऐवजी य. हा क्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर जसाच्या तसा चालतो, कारण इन्स्क्रिप्ट कोणा कंपनीचा नाही. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो प्रमाणित केला आणि 1991 साली तो भारतीय मानकात आला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. के वर क, शिफ्टसह ख. एल वर त, शिफ्टसह थ. रोज अर्धा तास सराव केला तर दोन-तीन आठवड्यांत बोटे वळतात. ज्याला इन्स्क्रिप्ट येतो त्याला सोपे यंत्र कोणते या वादाचा अर्धा भाग लागूच होत नाही, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत तो पहिल्याच महिन्यात शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

'ॲड.' मधला ॲ हे आणखी एक अवघड जागेचे दुखणे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आले. त्याआधीच्या आराखड्यात हिंदी वळणाचा ऍ होता. म्हणून कोणी अ लिहून त्यावर चंद्र देतो, कोणी ऍ वापरतो, कोणी ॲ. डोळ्यांना पहिला आणि तिसरा सारखाच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती निराळी अक्षरे आहेत. एकाच कार्यालयात दोघांनी दोन तऱ्हांनी वकिलांची यादी टंकली की शोधताना अर्धी नावे सापडत नाहीत आणि दोष संगणकाला दिला जातो. एका कार्यालयात एकच पद्धत ठरवून घ्यावी.

दुसरा अडथळा फाँटचा. विंडोजमध्ये पूर्वी मंगल होता, आता निर्मला यूआय मुख्य आहे. मॅकवर कोहिनूर देवनागरी. लिनक्सवर लोहित किंवा नोटो. मंगलमध्ये ओळींमधली जागा बरीच मोठी असते. मंगलमध्ये बसवलेला चार पानांचा अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला की फाँट बदलतो, ओळी जवळ येतात, सहीची जागा वरच्या पानावर सरकते. उपाय दोन आहेत. नोटो सान्स देवनागरी हा मुक्त फाँट तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर बसवून सगळी कागदपत्रे त्यातच करावीत. आणि छपाईला देताना नेहमी पीडीएफ द्यावी, म्हणजे फाँट फाइलीबरोबरच जातो. त्याच पीडीएफमधून मराठी मजकूर पुन्हा उचलायला गेलात तर मात्रा विस्कटतात, म्हणून मूळ फाइलही जपून ठेवावी.

वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोहोंतला एक छुपा खड्डा सांगतो. देवनागरीला दोन्ही सॉफ्टवेअर 'कॉम्प्लेक्स' लिपी मानतात आणि तिचा फाँट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा नोंदवतात. शैलीत आकार 14 केला, इंग्रजी मोठे झाले आणि मराठी 12 वरच राहिले, असे होते ते यामुळे. वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा भाग वेगळा भरावा. लिब्रेऑफिसमध्ये आधी टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करावे, मगच तो रकाना दिसतो.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी अडचण आहे ती युनिकोड नसलेल्या फाँटची. कृतिदेव, जुन्या श्रीलिपीचे फाँट, सुरेखच्या जुन्या आवृत्त्या यांत पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत आत इंग्रजी अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की अक्षरांची खिचडी दिसते. मग लोक म्हणतात, मॅकवर मराठी चालत नाही, लिनक्सवर मराठी फुटते. तिथे मॅकचा दोष नाही आणि लिनक्सचाही नाही. छापखाने आणि लग्नपत्रिकांची दुकाने यांची वर्षानुवर्षांची मांडणी या फाँटमध्ये आहे, त्यांची अडचण मी समजू शकतो. पण नवा अर्ज, नवी नोटीस, नवा दाखला अजूनही अशा फाँटमध्ये काढून तो नागरिकांना ई-मेलने पाठवणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याने तो वाचायचा कसा?

पेनड्राइव्हकडे वळू. मॅकवर फॉरमॅट करताना एपीएफएस ही मॅकची फाइली साठवण्याची पद्धत निवडली असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही आणि ते 'फॉरमॅट करू का' असे विचारते. घाईत हो म्हटले की फाइली गेल्या. उलट, विंडोजवर एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत तयार केलेला पेनड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फॅट32 सगळीकडे चालतो, मात्र त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची फाइल तेवढ्यावरच अडते. एक्सफॅट निवडावा, तिन्हींवर वाचतो, तिन्हींवर लिहितो. लिनक्सवर एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कॉपी झाल्याचे दिसते तेव्हा बराच मजकूर अजून मेमरीतच असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. 'इजेक्ट' करून 'आता काढू शकता' असा संदेश येईपर्यंत थांबावे. न थांबता उपसून नेलेल्या पेनड्राइव्हवर फाइलीचे नाव दिसते, पण फाइल अर्धवट असते.

प्रिंटरच्या बाबतीत जुनी यंत्रे विंडोजच्या बाजूची आहेत. घराघरांत अजून चालणारा एचपी लेझरजेट 1020 चालू केला की दर वेळी संगणकाकडून आपले फर्मवेअर, म्हणजे आत चालणारी आज्ञावली, मागतो. लिनक्सवर त्यासाठी एचपीलिप या एचपीचे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे पूरक प्लगइन एकदा उतरवावे लागते, आणि एचपीलिपची आवृत्ती बदलली की त्याच आवृत्तीचे प्लगइन पुन्हा घ्यावे लागते. काल छापत होता, आज अद्यतनानंतर गप्प, असे झाले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असते. कॅननचा एलबीपी 2900 स्वतःच्याच खास भाषेत बोलतो, त्यामुळे लिनक्सवर त्याच्याशी झटापट करावी लागते. नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी खोक्यावर एअरप्रिंट लिहिले आहे का तेवढे पाहावे. असा प्रिंटर मॅक आणि लिनक्स दोन्हींवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

विंडोजही इथे अडतेच. यूएसबीची तार दुसऱ्या छिद्रात लावली की त्याच प्रिंटरची 'कॉपी 1' नावाची दुसरी नोंद होऊ शकते, छपाई जुन्या नोंदीकडे जात राहते आणि ती 'ऑफलाइन' दाखवते. तार पूर्वीच्याच छिद्रात लावा किंवा नव्या नोंदीला 'डिफॉल्ट' करा. रांगेत अडकलेले काम रद्द होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवायचा, सी ड्राइव्हवरील विंडोज, सिस्टिम32, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइली पुसायच्या (फोल्डर नव्हे), आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा.

मॅकला 'आपोआप समजणारे यंत्र' म्हणणाऱ्या वाचकांना नम्रपणे सांगावेसे वाटते की विंडोजवर दहा वर्षे काढलेल्या हाताला ते आपोआप समजत नाही. फाइल निवडून एंटर दाबली की ती उघडत नाही, तिचे नाव बदलायची चौकट येते; उघडायला कमांड-ओ. फाइल कापून दुसरीकडे न्यायची तर कंट्रोल-एक्सची सवय कामाला येत नाही. कमांड-सी करून ठिकाणावर ऑप्शन-कमांड-व्ही. लाल ठिपक्याने खिडकी मिटते, पण बरेचदा प्रोग्राम चालूच राहतो; तो बंद करायला कमांड-क्यू. उतरवलेले सॉफ्टवेअर ॲप्लिकेशन्स फोल्डरात ओढून टाकायचे असते, ते न करता लोक डिस्कच्या चित्रातूनच चालवत राहतात. यांतले काहीच कठीण नाही, पण पहिला आठवडा जड जातो. ज्याने कधीच संगणक हाताळला नाही त्याला मात्र मॅक लवकर वळतो, हेही खरे.

कामाचे सॉफ्टवेअर ठरलेले असेल तर वादाला जागाच नाही. हिशेबाचे टॅली फक्त विंडोजवर चालते, म्हणून इतवारीतल्या व्यापाऱ्याने विंडोजच घ्यावे. चित्रे व मांडणीचे कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. ई-निविदा किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी यंत्र घेण्याआधी टोकन देणाऱ्याकडून त्या यंत्रासाठीचा ड्रायव्हर आणि सही करणारे सॉफ्टवेअर दोन्ही मिळते का, हे विचारून घ्यावे.

राहिला जुन्या यंत्रांचा प्रश्न, आणि सध्या नागपुरात सर्वाधिक विचारला जाणारा हाच आहे. विंडोज 10ची मोफत सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांपैकी नोंदणी करणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. विंडोज 11ला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग), 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे: आय5-7200यू मधला पहिला आकडा 7, म्हणजे सातवी, चालत नाही, आय5-8250यू म्हणजे आठवी, चालते. प्रोसेसर बसतो पण टीपीएम नाही असे दाखवत असेल, तर बरेचदा तो बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतो. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधून सुरू करावा. मात्र त्याच भरात यंत्र सुरू होण्याची पद्धत 'लेगसी' बदलून 'यूईएफआय' करू नये. डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल तर यंत्र सुरूच होत नाही. आधी मजकुराची प्रत घ्यावी, विंडोजमधल्याच एमबीआर2जीपीटी या साधनाने डिस्क बदलावी, मग बायोसला हात लावावा.

जी यंत्रे या अटींत बसत नाहीत ती भंगारात देऊ नयेत. लिनक्स मिंट 22ला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 असली तर बरे, आणि त्याला 2029 पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवून, न बसवता तिथूनच चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि आपले मराठी पान एवढे तपासावे. वेग मात्र तेव्हा तपासू नये, पेनड्राइव्हवरून सगळे संथच चालते. वायफाय दिसले नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा. नव्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवणार असाल तर बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची 48 अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागते, आणि ती नसेल तर आतला मजकूर परत मिळत नाही.

विंडोज हळू चालते ही तक्रार बहुतेकदा विंडोजची नसतेच. 4 जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपची तुलना एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असलेल्या मॅकशी होते. त्याच लॅपटॉपमध्ये अडीच इंची 256 जीबी साटा एसएसडी आणि 8 जीबी रॅम घातली की अर्धी तक्रार मिटते.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार व्हावा. ॲपलने मॅकबुक एअरसाठी 10 ते 35 अंश सेल्सिअस भोवतालचे तापमान सुचवले आहे आणि 2020 नंतरच्या एअरमध्ये पंखा नाही. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी बंद खोलीत ते यंत्र स्वतःचा वेग कमी करते. बिघाड समजून घाबरू नये. पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये धूळ साचते, ती मार्चमध्येच साफ करून घ्यावी. आणि यंत्र कोणतेही असो, कूलरच्या दमट झोतासमोर ठेवू नये.

शेवटी आपल्याला एक विनंती. हे पत्र युनिकोडमध्ये टंकून पाठवत आहे. पानमांडणीत ते जुन्या फाँटमध्ये रूपांतरित होणार असेल, तर छापण्याआधी 'वऱ्हाड'मधला ऱ्ह आणि 'ॲड.'मधला ॲ शाबूत आहेत ना, हे कृपया मुद्रितशोधकांकडून पाहून घ्यावे. रूपांतरात हीच दोन अक्षरे सर्वांत आधी तुटतात.

आपला नम्र,
संगणक दुरुस्ती आणि मराठी टंकलेखन या कामांतला एक वाचक,
नागपूर